कुबेराचा डावा पंख

माझे वडील हाडाचे शिंपी, पण माझ्या लहानपणी त्यांनी कापडाला सुई लावलेली मी पाहिली नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात ते हळदीच्या पोत्यांची तोंडं शिवायचे. संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळे. शेजारच्या पोरी म्हणायच्या, "तुझ्या अण्णांची रोजच हळद असती का गं?" हंगाम संपला की पोती बंद, आणि पोती बंद झाली की आमच्याकडे सकाळी भाकरी आणि संध्याकाळी त्याच भाकरीचा उरलेला चतकोर, चहात बुडवून. शेवटी आईनं कुणाचं तरी जुनं मशीन आणून परकर-झंपर शिवायला घेतले. तिला साधी कॉलर जमायची नाही. अण्णा उंबऱ्यात बसून तिचं वाकडं शिवण बघायचे आणि उठून बाहेर जायचे. आई मागून ओरडायची, "इमानाला कापडं शिवली म्हणं! सोताच्या पोरीच्या फ्रॉकला हात लावत न्हाई!"

विमानाचं ते खरं होतं. माझा जन्म व्हायच्या आधी अण्णा काही वर्षं बंगळुरात होते आणि तिथं विमानांच्या पंखांना कापड शिवत होते. सुट्टीवर आले की पारावर ते हौसेनं सांगायचे. कुठलं विमान, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पुष्पक." एकदा त्यात त्यांनी भर घातली की सध्या शिवतोय त्या विमानाचं नाव कुबेर. पुष्पक, आणि तेही कुबेराचं! गावाला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून अण्णा 'रावणाचा शिंपी' झाले. शाळेत मला 'लंकेची पार्वती' म्हणायचे, आणि ते दोन्ही बाजूंनी बसायचं, कारण माझ्या कानात बाळीसुद्धा नव्हती.

पुष्पक नावाचं छोटं, दोन माणसं बसतील एवढं विमान खरोखर होतं, शिकाऊ वैमानिक त्यावर हात बसवायचे, आणि त्याचे पंख कापडाचेच असायचे, हे मला कॉलेजच्या वाचनालयात कळलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्याकडे तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर आहेत त्यांनी विनयानं गप्प बसावं. मला ते परवडत नाही.

गेल्या वर्षी मी सांगलीत फ्लॅट घेतला. सामान लावताना अण्णांच्या ट्रंकेत ती जुनी सुई सापडली. वीतभराहून लांब, बाभळीच्या काट्यासारखी सरळ, गंजून तांबूस झालेली. पोती त्यांनी याच सुईनं शिवली होती.

"टाकू का ही आता?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे."

"का? अजून पोती शिवायची हायत काय?"

अण्णांनी सुई माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, "त्या सुईनं मानूस मेलाय, सुमे. भौतेक."

त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. कुबेरचा डावा पंख त्यांनी शिवायला घेतला होता. अगदी शेवटाला आला आणि गावाहून तार आली, त्यांची आई, म्हणजे माझी आजी, अत्यवस्थ. रात्रीची गाडी धरायची होती. पंखाच्या सांगाड्यातल्या शेवटच्या फासळीच्या गाठी त्यांनी घाईत मारल्या आणि निघाले. आजी गेली. दिवसकार्य झालं. मग जत्रेला सदा नावाचा त्यांचा सोबती बंगळुराहून आला आणि एस.टी. स्टँडवरच म्हणाला, "दत्तू, 'क' पडलं की रं. कापड फाटून लोंबत हुतं."

'क' म्हणजे कुबेर. अण्णा परत बंगळुराला गेले नाहीत. पुढं त्यांनी कापडही हातात धरलं नाही.

"आत बसलेल्याचं काय झालं?" मी विचारलं.

"इचारलं न्हाई."

"एवढ्या वर्षांत?"

"कुनाला इचारायचं? आनि व्हय म्हनले असते तर?"

मी त्यांना फिजिक्स सांगून बघितलं. एखादा टाका सुटला म्हणून विमान लगेच पडत नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू शिवलंयस का कधी?" सदा तर कधीच वारला होता. अण्णांची नजर साखरेनं अधू झालेली, समोरच्या माणसाचा फक्त आकार दिसतो. मी म्हटलं, चला, बंगळुराला जाऊन विचारून येऊ. नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो.

मारतहळ्ळी

माझी भाची प्राजक्ता मारतहळ्ळीत राहते, व्हाइटफील्डला कंपनीत आहे. गाडीतून उतरल्यावर पाटी वाचून दाखवली तर अण्णा खूश झाले. "मराठाहळ्ळी! म्हंजे आपलीच की."

"नाही हो आजोबा," प्राजक्ता म्हणाली, "मारुत नावाचं फायटर प्लेन होतं ना, त्याच्यावरनं नाव पडलंय. असं माझी रूममेट सांगते."

रिक्षावाल्यानं आरशातून बघून हिंदीत सांगितलं की दोघंही चूक, इथं कुठल्याशा झाडांची राई होती, 'मर' म्हणजे झाड. एका गावाचे तीन जन्मदाखले आम्हाला सिग्नल सुटायच्या आत मिळाले. सिग्नल मोठा होता म्हणा.

या शहरात अण्णांची एक वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडे बापाला अण्णा म्हणतात. इथं रिक्षावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, कॉफी आणून देणाराही अण्णा. रस्त्यात कुणीही कुणाला हाक मारली की माझे वडील थांबायचे आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवायचे. "कोन बोलावतंय?" मी म्हणायची, "तुम्हाला नाही." तरी पुढच्या हाकेला पुन्हा थांबायचे. मला वाटायचं, हा माणूस इतकी वर्षं कुणीतरी जाब विचारायला हाक मारील म्हणून कान देऊन बसलाय.

दुसऱ्या दिवशी प्राजक्तानं हट्टानं मेट्रो दाखवायला नेलं. सामान तपासायच्या यंत्रातून अण्णांची कापडी पिशवी गेली आणि यंत्रापाशी बसलेली बाई ताडकन उठली. पिशवीत सुई होती. मला पत्ता नव्हता.

"इदु एनु?" हे काय, असं तिनं सुई वर धरून विचारलं.

"सुई," अण्णा म्हणाले.

"आजोबा, एवढी सुई कशाला आणलीत?" प्राजक्ता कुजबुजली.

"मुनियप्पाची हाय. परत द्यायचीय."

तपासणाऱ्या बाईनं आणखी दोन माणसं बोलावली. प्राजक्तानं कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळं वापरून बघितलं. विमान शिवायची सुई, हे तिनं सांगितल्यावर तर त्यांचे चेहरे आणखी घट्ट झाले. सुई इथं ठेवून जा म्हणाले. अण्णा सुई सोडेनात. मेट्रो राहिली, आम्ही ओला-उबरच्या मागं लागलो आणि चालायला लागलो असतो तर लवकर पोचलो असतो अशा गाडीत बसलो.

गाडीतच मी विचारलं, "मुनियप्पा कोण?"

"पलीकडचा."

मग त्यांनी समजावलं. पंखाचा सांगाडा उभा करतात, दोन्ही अंगांनी कापड ताणतात. एक माणूस अलीकडं, एक पलीकडं. अलीकडच्यानं सुई आरपार ढकलायची, पलीकडच्यानं फासळीला वळसा घालून परत ढकलायची. मध्ये कापड, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिवसभर नुसती सुई येते आणि जाते. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटला तरी पुढचा सुटत नाही. वर डोप नावाचं रंगासारखं काहीतरी फासलं की कापड आवळून हलगीसारखं वाजायला लागतं.

"त्या डोपचा वास कसा असायचा?"

अण्णांनी प्राजक्ताचा नुकतं नेलपॉलिश लावलेला हात हुंगला. "हिच्या नखासारखा."

कुंपणाबाहेरून

अण्णा जिथं कामाला होते ते विमानांचं जुनं मैदान शहराच्या एका टोकाला अजून आहे. एके काळी भोवती नाचणीची शेतं होती म्हणे, आता उंच इमारती आहेत. प्राजक्ता कामावर गेली होती. फाटकावर आम्हा दोघांना अडवलं, ते बरोबरच होतं. कुंपणाच्या जाळीतून धावपट्टीचा तुकडा दिसत होता आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी, फुगलेली पट्ट्यापट्ट्यांची कापडी नळी. मी अण्णांना सांगितलं. "ती नळीबी आमीच शिवायचो," ते म्हणाले. जाळीला बोटं अडकवून ते वास घेत उभे राहिले. वास कसला, बाहेरच्या गाड्यावर मिरचीभजी तळत होते त्याचा.

तिथंच चहाला आलेले एक गृहस्थ भेटले. गणवेशावरून आतले वाटले. हिंदी छान बोलत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुष्पक? हो, त्यांच्या पोरवयात दोन-तीन उभी असायची, शेडच्या मागं. कुठं गेली सांगता येणार नाही. काही मोडीत, काही कॉलेजांना दिली असतील.

"त्यातलं कुबेर कुठलं?" मी विचारलं.

"कुबेर?" ते हसले. वाईट हसले नाहीत, पण मला गावचा पार आठवला. "मॅडम, इथं विमानांना नावं नसतात. शेपटावर अक्षरं असतात."

"नाव हुतं," अण्णा मराठीतच म्हणाले. "रोज हाक मारायचे त्याला. कर्ण्यावरनं. कुबेर, कुबेर म्हनून."

मी भाषांतर केलं. त्यांनी मान हलवली, चहाचा कागदी पेला चुरगळला, आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. एखादं विमान पडल्याचं आठवतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. अण्णांच्या देखत मला ते विचारवलं नाही. आम्ही दोघांनी भजी खाल्ली. तिथं भज्यांवर कच्चा कांदा, गाजराचा कीस आणि लिंबू घालून देतात. आमच्या सांगलीच्या भज्यांना एवढा साज लागत नाही. अण्णांनी कांदा बोटानं बाजूला केला आणि म्हणाले, "चल, जाऊ घरला."

त्यांना मारतहळ्ळीचं घर म्हणायचं नव्हतं. सांगलीचं म्हणायचं होतं.

पेठेतलं घर

मी त्यांना सांगलीला नेलं नाही. ज्या घरी ते तेव्हा राहायला होते, ते शोधायला पेठेत नेलं. जुन्या बंगळुराच्या पेठेत शिंप्यांची, रंगाऱ्यांची मराठी घरं कैक पिढ्यांपासून आहेत. अण्णांना काम तिथल्याच विठोबा मेस्त्रींनी लावलं होतं. विमानाच्या शेडमधल्या शिवणाऱ्यांचे ते मुकादम. गल्ली इतकी अरुंद की समोरून रेशमी कापडाचे गठ्ठे लादलेली स्कूटर आली तर आपण दुकानात शिरायचं. अण्णांना दिसत नव्हतं, तरी तेच पुढं चालत होते. मारुतीच्या देवळाची घंटा लागली तिथं डावीकडं वळले.

मेस्त्री वारलेले. त्यांच्या पत्नी तुळसाक्का खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या.

"कोण गा?"

"दत्तू. सांगलीचा. डाव्या हाताचा दत्तू."

तुळसाक्कांनी सूप खाली ठेवलं. "मेला म्हून सांगितलं होतं की रे तुला!"

"कुनी?"

"कुनी न्हाई. आम्हीच समजलो. एवढी वर्षं येत न्हाई म्हंजे काय? या, या. स्वल्प बसा. ऊट आयता?" शेवटचं मला होतं. जेवण झालं का, असं. त्यांचं मराठी ऐकून मला मजा वाटली आणि जरा लाजही. निम्मं माझ्या आईकडच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांसारखं, निम्मं कन्नड. मी पुस्तकी मराठीत बोलले की त्या माझ्याकडं शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडं बघावं तशा बघायच्या.

आम्हाला चित्रान्न वाढलं, लिंबू पिळून पिवळा केलेला भात. अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "शेंगदानं कमी झाल्यात, अक्का."

"तोंड बघ याचं! तेव्हाबी हेच म्हणायचास."

जेवण झाल्यावर मी मुद्द्याला आले. मी वेळ घालवत नाही. "तुळसाक्का, कुबेर नावाचं विमान पडलं होतं का?"

अण्णा हात धुवायला उठत होते, ते परत बसले.

"विमानाचं मला काय कळतंय, बाई? ते येऊन तिकडलं काही बोलायचेच न्हाईत. एक पडलं होतं तेवढं ठाऊक. कुठलं, ते मुनियप्पाला विचार. होसकोट्याला मुलाजवळ असतो. पाय गेलेत, पण डोकं सरी आहे." सरी म्हणजे ठीक.

"मुनियप्पा हाय?" अण्णांनी विचारलं.

"आहे की. तुला शिव्या देत असतो."

होसकोटे

होसकोट्याला जायच्या दिवशी सकाळी अण्णा तयारच होईनात. शर्टाची बटणं लावायची आणि काढायची. मी म्हटलं, अण्णा, गाडी खाली थांबलीय. ते म्हणाले, "सुमे, न्हाई गेलं तर?"

"न्हाई गेलं तर सुई कोण देणार?"

व्हाइटफील्ड मागं पडलं की काचेच्या इमारती संपतात आणि द्राक्षांचे मांडव, कारखान्यांच्या लांबलचक भिंती लागतात. द्राक्षं बघून मी अण्णांना म्हटलं, आपल्या तासगावासारखं आहे. ते पिशवीतली सुई चाचपत होते.

मुनियप्पाचं घर कारखान्यांच्या वस्तीमागं. मुलगा कामावर गेलेला, सून फाटकात उभी. मुनियप्पा अंगणात खुर्चीवर, मांडीवर ब्लँकेट, दात एकही नाही. अण्णा त्याच्यासमोर जाऊन थांबले. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला उठता येत नव्हतं. अण्णांनी पिशवीतून सुई काढली आणि टोकाकडून पुढं केली. मुनियप्पानं ती घेतली, बोट फिरवलं, आणि उलटी करून परत अण्णांच्या हातात ढकलली. अण्णांनी पुन्हा दिली. त्यानं पुन्हा ढकलली. दोघं हसायला लागले. मी आणि त्याची सून नुसत्या बघत राहिलो.

"दत्तू," मुनियप्पा म्हणाला, "तू गेला ते गेला. एक कार्ड नाय, काय नाय." शिंप्यांच्या संगतीनं शिकलेलं त्याचं मराठी तसंच राहिलं होतं.

अण्णांचं हसणं थांबलं. "मुनी, कुबेर पडलं न्हवं?"

"क्या?"

"कुबेर. मी डावा पंख शिवला ते. सदानं सांगितलं, 'क' पडलं."

मुनियप्पाला समजेना. कुबेर कोण? मग अण्णांनी हात तोंडाशी कर्ण्यासारखा धरला आणि वैमानिकांना साद घालतात तसा सूर काढला, "कुबेऽर, कुबेऽर..."

मुनियप्पानं मांडीवर थाप मारली. "केबेक! अय्यो दत्तू, केबेक!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विमानाच्या शेपटावरचं शेवटचं इंग्रजी अक्षर कर्ण्यावरून ऐकू येताना चुकू नये म्हणून त्याला शब्द जोडलेले असतात. के म्हणजे किलो, आर म्हणजे रोमिओ. क्यू म्हणजे केबेक. परदेशातल्या कुठल्याशा प्रांताचं नाव. चौथी शिकलेल्या माझ्या बापानं ते ऐकलं आणि त्याला त्याच्या ओळखीचं नाव दिलं. पुष्पक विमान आहे म्हटल्यावर आतून हाक येणार ती कुबेराचीच, यात त्याचं काय चुकलं?

"आणि जे पडलं ते?" मी विचारलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"ते किलो. तू गेला, त्याच्यानंतर शेडला आला." मुनियप्पा अण्णांकडं बघून बोलत होता. विठोबा मेस्त्री पंखांची अदलाबदल होऊ नये म्हणून सांगाड्यावर खडूनं खूण करायचे, तीही मराठीत. रोमिओचा 'र', टँगोचा 'ट'. केबेक होतं तेव्हा त्याच्यावर 'क' लिहिला. ते गेलं, किलो आलं, त्याच्यावरही 'क' लिहिला. इंग्रजीत अक्षरं दोन, आपल्यात एक. सदानं गावात जाऊन सांगितलं ते खरंच होतं. 'क' पडलं होतं.

"कापड फाटलं म्हनला हुता."

"काटेतारानं फाटलं. पेट्रोल संपला, शेतात उतरवला, कुंपणात घुसला. शिकणाऱ्या पोराचा हात मोडला. नंतर त्यानं मोठा-मोठा विमान चालवला."

"मेला न्हाई?"

"नाय मेला."

"आनि कुबेर?"

"बिद्दिल्ला," मुनियप्पा म्हणाला. मग पुन्हा मोठ्यानं, "बिद्दिल्ला, दत्तू!" पडलं नाही. हे समजायला मला प्राजक्ताला फोन लावायची गरज नव्हती. "बरीच वर्षं उडाला. कापड जुना झाला की बदलतात ना, तेव्हा तुझं कापड मीच उतरवलं. गाठी सुटतच नाय. शेवटच्या फासळीच्या तर दात लावला तरी नाय. सगळ्या कात्रीनं कापल्या."

मला वाटलं होतं, अण्णा रडतील, नाहीतर हात जोडतील. मी पर्समध्ये रुमालसुद्धा चाचपला. अण्णा अंगणाच्या पायरीवर बसले. ओळखीच्या नसलेल्या घरात बसावं तसे, कडेला. कोंबड्या त्यांच्या पायाशी आल्या. त्यांना पायानं बाजूला सारत ते म्हणाले,

"मग मी परत का गेलो न्हाई?"

हे त्यांनी कुणाला विचारलं कोण जाणे. मुनियप्पा एवढंच म्हणाला की अण्णांचा अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती टोपी, मेस्त्रींनी खिळ्याला टांगून ठेवला होता. नवीन माणूस आला तरी त्याला घालू दिला नाही. दत्तू येईल म्हणायचे. पुढं सगळ्यांना नोकरीत कायम केलं, राहायला घरं मिळाली.

सुनेनं नाचणीचे उंडे आणि पालेभाजीचं सार वाढलं. उंडा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा. भाकरी चावून चावून मोठी झालेली मी, मला ते जमेना. अण्णा गिळत होते.

निघताना मुनियप्पानं सांगितलं की केबेक इथंच आहे, रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात. सुई त्यानं ठेवून घेतली नाही. "पलीकडं कोण नाय आता," म्हणाला.

कॉलेजच्या दारात

सिमेंटच्या चौथऱ्यावर ते उभं होतं, माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ लहान. पांढरा-निळा ताजा रंग, पंखाखाली कॉलेजचं नाव. शेपटावरच्या क्यूची शेपटी रंगवताना राहून गेली होती, त्यामुळं तो गोल शून्यासारखा दिसत होता. आजूबाजूला मुलं-मुली फोटो काढत होती. ती सगळी उद्याची इंजिनिअर. त्यांच्यातल्या कितीजणांचे आईबाप पहिल्यांदाच कॉलेजच्या दारात आले असतील, असा विचार माझ्या मनात येतोच.

मी अण्णांना डाव्या अंगाला नेलं आणि त्यांचा हात वर धरला. त्यांनी पंखाच्या कडेवरून बोटं फिरवली. फासळ्यांच्या जागा शोधल्या. मग टिचकी मारली.

टण्ण.

त्यांनी आणखी एकदा मारली, जरा पुढं. पुन्हा तसंच. कापड काढून पत्रा ठोकला होता. ऊनपावसात कापड टिकत नाही, ते तरी काय करणार.

"अण्णा, मुट्टबेडी!" फाटकावरचा पहारेकरी ओरडला. हात लावू नका.

अण्णांनी पटकन हात काढला आणि आवाजाकडं वळले. या वेळी हाक त्यांनाच होती. मी पहारेकऱ्याकडं गेले आणि माझ्या येईल त्या हिंदीत सांगितलं, या माणसानं हा पंख शिवलाय, हात लावेल. त्यानं माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि "सरी, सरी, मॅडम" म्हणून खुर्चीवर जाऊन बसला. मी परत आले तोवर अण्णा पंखापासून लांब जाऊन उभे होते.

"लावा की हात. परवानगी घेतली मी."

"कशाला लावू? पत्रा हाय त्यो."

सांगली

परत येऊन आता दोन महिने झाले. अण्णांनी गावात जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. रावणाचा शिंपी म्हणणारी माणसं आता उरलीही नाहीत फारशी. मी मात्र शिकवते त्या शाळेत, बँकेत, लिफ्टमध्ये, भेटेल त्याला सांगत असते. आई ऐकायला नाही. तिला एकदा सांगायला हवं होतं, की तुझ्या नवऱ्याच्या हातात खोट नव्हती. तिची वाकडी कॉलर बघून तो उठून जायचा ते रागानं नव्हे.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराचा पडदा उसवला होता. मी शाळेतून आले तर अण्णा खिडकीत बसून तो शिवत होते, आईच्या डब्यातली साधी सुई घेऊन. दिसत तर नाही. बोटानं चाचपत घातलेला टाका वर-खाली पळाला होता, अगदी आईचा असायचा तसा. तो पडदा मी तसाच लावला.

बंगळुराला जाऊन आम्ही एवढं विचारून आलो. कुबेर पडलं नव्हतं.